वजनाचं वळण
रांजणगावच्या एमआयडीसीतल्या फियाटच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनते. इंजिन पुढं, पण मागच्या चाकांनाही धक्के झेलणारे स्वतंत्र स्ट्रट. चारही चाकांना स्ट्रट फियाटनं १९७२ च्या ‘एक्स वन-नाइन’लाही दिले होते. तिथं ‘१२८’ या साध्या घरगुती मोटारीचं आडवं इंजिन उचलून थेट सीटमागं बसवलं. वजन मधोमध गोळा झालं की गाडी वळायला आळस करत नाही. मात्र ऐन वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर मागची बाजू बाहेर पळू पाहते. आपल्याकडं उलटी तऱ्हा. गळिताच्या हंगामात न्हावरा-चौफुला रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं चढाला अधांतरी होतात. स्टिअरिंग असतं, पण नुसतं धरायला!