सलाईनच्या बाटलीत असते तरी काय?

रुग्णाच्या खाटेशेजारी टांगलेली बाटली दिसली की नातलगांना धीर येतो. थोडा अशक्तपणा वाटताच ‘एखादी बाटली लावा’ असा आग्रह डॉक्टरांना करणारेही पुष्कळ आढळतात. बाटली म्हणजे शक्तिवर्धक औषध, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः शिरेवाटे द्यावयाची द्रावणे अनेक प्रकारची असून एकास तारणारे द्रावण दुसऱ्यास अपायकारक ठरू शकते.

या उपचाराचा आरंभ पटकीच्या साथीत झाला. पटकीत जुलाबांवाटे शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात. १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लॅटा यांनी मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले आणि त्यांतील काही वाचले. जे गेले तेच परत द्यावयाचे, हे त्यामागील तत्त्व आजही कायम आहे.

खरे ‘सलाईन’ म्हणजे एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. हे प्रमाण रक्ताशी जुळते; नुसते पाणी शिरेत गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटतील. वांत्यांनी क्षीण झालेल्या रुग्णास, तसेच काही औषधे मिसळून देण्यास ते उपयोगी पडते.

‘रिंगर लॅक्टेट’मध्ये मिठाखेरीज पोटॅशियम, कॅल्शियम व लॅक्टेट असतात. लॅक्टेटमुळे रक्तातील वाढलेली आम्लता कमी होण्यास मदत होते. म्हणून तीव्र जुलाब, भाजणे व शस्त्रक्रिया यांत ते विशेष वापरतात.

तिसरे द्रावण ‘डेक्स्ट्रोज’, म्हणजे ग्लुकोजचे पाणी. शेकडा ५ प्रमाणाच्या ५०० मिलिलिटर बाटलीत अवघे २५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यापासून मिळणारी शक्ती सुमारे एका पोळीइतकी! ज्याला तोंडाने काही घेता येत नाही त्याला त्याचा आधार होतो. परंतु जुलाबांत गेलेले क्षार त्याने भरून येत नाहीत. रक्तस्राव फार झाला असेल, तर यांपैकी कोणतेही द्रावण रक्ताची जागा घेऊ शकत नाही.

हृदय वा मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णास द्रावण अधिक झाल्यास फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते. म्हणून थेंबांचा वेग नातलगांनी कधीही स्वतः वाढवू नये. सुईजवळ सूज, लाली वा वेदना दिसल्यास परिचारिकेस तत्काळ सांगावे.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली व सलाईनचा साठा अपुरा पडला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ४ च्याही खाली आले.

गृहिणींनी व गृहस्थांनी यातून एवढे ध्यानी धरावे: जुलाब झालेला रुग्ण शुद्धीवर असेल व पिऊ शकत असेल, तर क्षार-संजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी वेष्टनावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजावी. मात्र डोळे खोल गेले, ग्लानी आली, लघवी थांबली किंवा पिणेच अशक्य झाले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. तेथे कोणती बाटली, किती आणि किती वेगाने, हे ठरविणे डॉक्टरांवर सोपवावे. वेळेवर पोहोचविणे मात्र आपल्याच हाती आहे.