नवे कंप्युटर, खोळंबलेली कामे

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सेवा थांबविली. भोसरी-चाकण पट्ट्यात कारखान्यांना माल पुरविणाऱ्या आपल्या बांधवांपुढेही कंप्युटर नव्याने भरून घेण्याचा प्रश्न आला. ठेकेदार एक नमुना कंप्युटर तयार करतो, त्याची हुबेहूब प्रत बाकीच्या यंत्रांवर उतरवितो आणि पडदा उजळला की बिल पुढे करतो. माझे म्हणणे असे, की ते बिल त्या वेळी चुकते करू नये.

खरे काम त्यानंतर सुरू होते. यंत्रात 'एजंट' नावाचा छोटा प्रोग्राम असतो. मध्यवर्ती सर्व्हरकडून हुकूम घेऊन बिलाचे, लेबल छापण्याचे प्रोग्राम तो बसवितो. मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये, वेगळे ठरविले नसेल तर, तो दर ६० मिनिटांनी विचारणा करतो. तेवढे थांबणे रास्त आहे. परंतु गणवेशांचे गठ्ठे बांधून तयार, टेम्पो दारात उभा आणि दुपार टळली तरी लेबल निघत नाही, अशा वेळी 'येईल आपोआप' हे उत्तर ऐकून घेऊ नये.

नमुना यंत्रावरील एजंटची ओळख न पुसताच प्रती काढल्या असतील, तर दहाही यंत्रे सर्व्हरला एकच भासतात. दहा ताग्यांवर एकाच नंबरची चिठ्ठी लावल्यावर गोदामात होईल तोच हा गोंधळ. कधी नुसते घड्याळ चुकलेले असते. डोमेनमध्ये ५ मिनिटांहून अधिक फरक पडला की सामान्यतः ओळखच पटत नाही. शिवाय भरणी चालू असताना एजंटने नवे हुकूम घेऊ नयेत म्हणून त्याला मुद्दाम रोखून ठेवतात. भरणी मध्येच अडली तर तो तसाच राहतो. २०१९ च्या १९०२ आवृत्तीपासून ४८ तासांनी तो आपोआप मोकळा होतो खरा, पण दोन दिवसांचा माल कोण पाठविणार?

उठसूट फॉर्मॅट मारणाऱ्या पोरांना आवरा. त्याने नमुन्यातील दोष पुन्हा जसाच्या तसा उतरतो. आधी एजंटची नोंद, म्हणजे लॉग, उघडून दाखवायला सांगा. इंग्रजी येत नसले तरी शेवटच्या ओळीची तारीख-वेळ कळते. ती तासन्‌तास पुढे सरकली नाही, तर एजंट अडकला असे समजा.

ठराव लेखी करा. सर्व्हरच्या यादीत सगळी यंत्रे वेगवेगळी दिसावीत, प्रत्येकावर पहिले काम पुरे व्हावे, मगच उरलेली रक्कम. ठेकेदार कुरकुर करील. निम्मे पैसे आपल्याकडे असले तर दुसऱ्या दिवशी येईलही.