शेवटच्या शेताचे पाणी

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी मांजरी हे गाव आहे. मांजरी बुद्रुकचा समावेश २०२१ साली पुणे महानगरपालिकेत झाला, आणि आता तेथील उंच इमारतींच्या सावल्या भाजीपाल्याच्या वाफ्यांवर पडू लागल्या आहेत. तरीही शेतीच्या अभ्यासाशी या गावाचे नाते जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील सरकारी शेतावर ऊस कसा लावावा, याचे प्रयोग चालत. उसाचे संशोधन करणारी वसंतदादा साखर संस्था येथेच आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही १९९७ पासून येथे काम करीत आहे. पाणी आले म्हणजे पीक आले असे नव्हे, हे अशा गावातील शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. शाळेत यंत्रे आली म्हणजे विद्या आली असे नव्हे, हे मात्र पुष्कळ शाण्यासुरत्या माणसांना अद्याप सांगावे लागते.

कालव्याच्या पाण्याची व्यवस्था कशी असते, ते प्रथम पाहू. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा पुणे ओलांडून हडपसर, लोणीच्या बाजूस जातो. कालव्याचे पाणी शेताला सतत मिळत नाही. ते आवर्तनाने सुटते. शेतकऱ्याने आधी अर्ज भरावयाचा असतो. पीक कोणते, क्षेत्र किती, हे त्यात लिहावे लागते. ‘नमुना क्रमांक ७’ हे त्या अर्जाचे रूक्ष सरकारी नाव. मग कोणत्या शेतास कोणत्या दिवशी किती वेळ पाणी द्यावयाचे, याचा क्रम ठरतो. या क्रमास शेजपाळी म्हणतात, आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी सोडतो. या पद्धतीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट अशी की, पाणी देण्यास आरंभ चारीच्या टोकाच्या शेतापासून करावयाचा असतो. याचे कारण उघड आहे. चारीच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे, त्याला पाणी मिळविण्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. ते त्याच्या बांधावरूनच वाहत असते. टोकाच्या शेतकऱ्याला मात्र वरच्यांनी घेऊन उरेल तेवढ्यावरच भागवावे लागेल, आणि उरेल अशी खात्री कोण देणार? हा नियम सर्वत्र आणि सर्वदा पाळला जातो असे नाही. परंतु नियम आहे म्हणून तो मोडला असे निदान म्हणता तरी येते. नियमच नसेल तर तक्रार तरी कशाची करावयाची?

पाणी कमी पडले तर पीक वाळते, हे सर्वांस ठाऊक असते. जास्त झाले तरी जमीन बिघडते, हे दक्षिण महाराष्ट्राला नीरा कालव्याने शिकविले. त्या कालव्याच्या काठच्या काळ्या जमिनींत उसाला भरमसाट पाणी दिले गेले; निचऱ्याची सोय नव्हती; पाण्याबरोबर जमिनीतील क्षार वर आले आणि चांगली शेते चिबड व खारवट झाली. पाण्याला दोष देऊन काय उपयोग? माप ठरविणारा कोणी नव्हता.

आता शाळेकडे वळू. एका वर्गात चाळीस मुले आहेत, संगणक दहा आहेत आणि तास पस्तीस मिनिटांचा आहे, असे समजा. एकेका संगणकापाशी चार मुले बसतील. वेळ सारखा वाटला तर प्रत्येकाच्या वाट्यास पावणेनऊ मिनिटे येतात. पण तो सारखा वाटला जात नाही. ज्याच्या घरी संगणक आहे, त्याची बोटे आधी चालतात. तो पुढे सरतो, बाकीचे तिघे मान उंचावून पाहत राहतात, आणि तास संपतो. वर्षाच्या शेवटी ‘मुलांना संगणक शिकविला’ अशी नोंद होते. ती खोटी नसते. फक्त ती चारीच्या तोंडाशी बसलेल्या मुलाविषयीच खरी असते. याच वर्गाची निम्मी मुले संगणकाच्या खोलीत आणि निम्मी वाचनालयात पाठविली, तर एका यंत्रापाशी दोघेच उरतात आणि प्रत्येकास सतरा मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. एकही नवे यंत्र विकत न घेता वेळ दुप्पट झाला! ज्याला सराव नाही, त्याला आधी बसविले, तर तो वेळ योग्य ठिकाणी पोहोचतोही. एवढ्या साध्या विचारास कागद, पेन्सिल आणि तासाभराची शांतता लागते. देणगीदारांच्या सत्कारसमारंभास मात्र त्याहून अधिक वेळ दिलेला आढळतो.

यंत्र प्रत्येकाच्या हाती दिले तर हा प्रश्नच सुटेल, असे कोणी म्हणेल. तोही प्रयोग होऊन गेला आहे. ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ असे ब्रीद घेऊन अमेरिकेत एक संस्था निघाली. तिचा भारतातील आरंभीचा प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, खैरात येथील एकशिक्षकी शाळेत झाला. विशीच्या आसपास मुले होती, आणि प्रत्येकास हिरव्या-पांढऱ्या रंगाचा छोटा संगणक मिळाला. तो थोड्या विजेवर चालत असे आणि त्यावरील अक्षरे उन्हातही वाचता येत. मुलांना त्याचे अपूर्व वाटले, यात नवल नाही. त्याच संस्थेची यंत्रे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने फार मोठ्या प्रमाणावर घेतली; त्यांची संख्या आठ लाखांहून अधिक होती. तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून काढलेले निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सुमारे सव्वा वर्षाच्या वापरानंतर गणितात आणि भाषेत यंत्रे मिळालेली मुले न मिळालेल्या मुलांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत. सामान्य तर्कशक्तीच्या चाचण्यांत त्यांची थोडी प्रगती आढळली, हेही येथे सांगितले पाहिजे. यंत्रे चांगली होती. पण कोणता धडा, कोणत्या तासाला, कोणत्या शिक्षकाच्या मदतीने शिकावयाचा, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नव्हते. पाणी भरपूर सुटले होते, आणि अर्ज कोणीच भरला नव्हता.

महाराष्ट्रात यंत्राच्या साहाय्याने शिकविण्याची हौस नवी नाही. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली, आणि दूरदर्शनवरून मुलांसाठी मराठीतून पाठ दाखविले जाऊ लागले. पण कार्यक्रम ज्या वेळी लागे, त्या वेळी शाळेत दूरदर्शन संच हवा, वीज हवी, आणि वर्गाचे वेळापत्रकही त्याच्याशी जुळलेले हवे. हे सारे जुळून येणे सोपे नव्हते. ती संस्था २०१७ साली बंद झाली. दूरदर्शन संचाची जागा तोवर मोबाईलने घेतली होती. वेळापत्रकाचा प्रश्न जेथल्या तेथेच राहिला.

या प्रश्नाचे खरे रूप २०२० साली दिसले. करोनाच्या साथीमुळे मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. ज्या घरी मोबाईल होता, तेथे शाळा चालू राहिली. ज्या घरी एकच मोबाईल होता आणि तो घेऊन वडील कामावर जात, तेथील मुलांची शाळा संध्याकाळी उघडे. आणि जेथे तो नव्हताच, तेथे ती उघडलीच नाही. ही टोकाची शेते होत. त्या वर्षी ज्यांनी त्यांचा विचार आधी केला, त्यांनी साधीच साधने निवडली. सोलापूरच्या नीलमनगर भागात यंत्रमाग-कामगारांची वस्ती आहे. तेथील शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगविले. येता-जाता, एकमेकांपासून अंतर राखून, मुले ते वाचीत. पालघर जिल्ह्यातील काही आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले गेले आणि मुले झाडाखाली बसून ते ऐकत. रंगविलेली भिंत हे काही मोठे यंत्र नव्हे. पण ती कोणाच्या खिशात नसते, आणि तिच्यासमोर उभे राहण्यास पैसे पडत नाहीत. या शिक्षकांनी ‘आपल्याजवळ कोणते यंत्र आहे?’ असे न विचारता ‘कोणते मूल आपल्यापासून दूर राहिले आहे?’ असे विचारले, आणि तेथून उलट दिशेने येत साधन शोधले. योजना म्हणावयाची ती हीच.

शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. ती चिबड जमिनीच्या जातीची होती. अभ्यासासाठी हाती आलेला मोबाईल अभ्यास संपला तरी हातातून सुटेना. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने त्यावर २०२२ साली एक उपाय केला. रोज सायंकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो, आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन व मोबाईल बंद ठेवावयाचे, असे गावाने ठरविले. ही बंदी केवळ मुलांना असती तर ती चार दिवसही टिकली नसती. बाप मोबाईल पाहत असता मुलगा पुस्तक उघडील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. हा नियम मोठ्यांनी प्रथम स्वतःस लावून घेतला, यातच त्याचे बळ आहे. अर्थात शहरात असा भोंगा चालणार नाही. पुण्यासारख्या ठिकाणी सात वाजता निम्मे पालक कामावरून परतलेलेही नसतात. मांजरीत आज शेतकऱ्याचे घर आणि दहाव्या मजल्यावरचे घर एकाच रस्त्यावर आहे. तेथे प्रत्येक घराचा तास निराळा असेल. परंतु तो ठरलेला असावा आणि घरातील सर्वांस सारखा असावा, एवढे तर कोठेही करता येते.

तेव्हा शाळेने नवे यंत्र घेण्यापूर्वी नमुना क्रमांक ७ सारखा एक अर्ज स्वतःपुरता भरावा, हे बरे. कोणत्या विषयाचा कोणता भाग पुस्तकाने आणि फळ्याने नीट शिकविता येत नाही? हृदयाची झडप कशी उघडते, ग्रहण कसे लागते, हे हलत्या चित्रात चटकन कळते. पाढे आणि शुद्धलेखन यांना त्याची गरज नाही. यंत्र बिघडल्यास दुरुस्त कोण करील, आणि त्याचा खर्च कोठून येईल? पाठ्यपुस्तकातील चौकटीची सांकेतिक खूण मोबाईलने वाचता येते. ज्याच्या घरी मोबाईल नाही, त्याला ती शाळेत केव्हा वाचावयास मिळेल? मुलांची नावे, छायाचित्रे आणि गुण यंत्रात साठविले जातात. ते कोणास पाहता येतील? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आपल्या देशात संमत झाला असून त्यात मुलांचा निराळा विचार केला आहे. शाळांनी तो वाचावयास हवा.

हा अर्ज भरताना मुलांना बाजूस ठेवण्याचे कारण नाही. वर्गात कोणाच्या हाती कळफलक कधीच येत नाही, हे शिक्षकांपेक्षा मुलांना अधिक ठाऊक असते. वर्गाने आठवड्याचा तक्ता स्वतःच आखावा, शिक्षकांनी तो तपासावा, आणि तो संगणकाच्या खोलीच्या दारावर लावावा. पहिल्या ओळीत ज्यांच्या घरी यंत्र नाही, त्यांची नावे असावीत; मात्र ती का पहिली आहेत, याची चर्चा दारापाशी नको. तक्त्याच्या खाली एक ओळ मोकळी सोडावी. एखाद्या दिवशी ऐन तासाला वीज जाते, आणि ज्यांचा क्रम होता ती मुले हात हलवीत परततात. त्यांचा क्रम बुडालेला नसतो. दुसऱ्या दिवशी वीज आली की इतर कोणाच्याही आधी त्यांनाच बसवावयाचे असते, आणि त्यांची नावे त्या मोकळ्या ओळीत लिहावयाची असतात.