बेलोऱ्याच्या विमानात मला उचलून नेऊ नका

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं आणि आम्हा अकोलेकरांनाही हायसं वाटलं. आमच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीचा विस्तार वर्षानुवर्षं चर्चेतच राहिला. एरवी विमानासाठी नागपूर नाहीतर संभाजीनगर गाठायचं. आता मूर्तिजापूर, बडनेरा मागे टाकलं की बेलोरा.

मी व्हीलचेअर वापरते. पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून कमरेखाली मला काही जाणवत नाही. शंभर किलोमीटरचा रस्ता मला जड जात नाही. जड जातात त्या विमानाच्या दाराशी असलेल्या मोजक्या पायऱ्या.

एका मोठ्या शहराच्या विमानतळावर दोघा मुलांनी मला काखेत हात घालून, पाय धरून वर नेलं. त्यातला एक आपल्या बुलढाण्याकडचा निघाला. ‘ताई, काऊन भेता? आमी हाओत ना!’ म्हणाला. पोरं भली होती, पण उचलायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. रांगेतले सगळे बघत होते, कपडे वर सरकत होते आणि मला हातही मोकळा नव्हता. घासलेलं मला कळत नाही. रात्री पाहिलं तर मांडीची कातडी सोललेली. ज्यांना संवेदना नाही त्यांची अशी जखम चिघळते, भरायला महिने लागतात. म्हणून उचलून नेणं ही मदत मला नको आहे.

बेलोऱ्याला येणारं एटीआर ७२ हे लहान विमान आहे. प्रवाशांचं दार मागे, शिडी दारालाच जोडलेली, आणि दार जमिनीपासून फार उंच नाही. त्याला चाकांवर ढकलत आणायचा रॅम्प पुरतो. देशात काही कंपन्या तो वापरतात. आत, दोन आसनांमधून जाईल अशी अरुंद खुर्ची लागते. ती चालवणारी दोन प्रशिक्षित माणसं लागतात, त्यांत एक बाई असावी. बेलोरा विमानतळ राज्याच्या विमानतळ विकास कंपनीचा, विमानसेवा केंद्राच्या मालकीच्या अलायन्स एअरची. म्हणजे दोन्हीकडे सरकारच आहे. याच राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. या तिघांनी बेलोऱ्यात यातलं काय आहे आणि काय यायचं आहे, हे तारखेसह जाहीर करावं.

नियमांची उणीव नाही. २०१२ मध्ये दिव्यांग कार्यकर्त्या जीजा घोष यांना कोलकात्यात विमानातून उतरवलं गेलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. २०२२ मध्ये रांचीत एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही, तेव्हा कंपनीला पाच लाखांचा दंड झाला आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कंपनीला परस्पर नकार देता येणार नाही, असा बदल नियमांत झाला. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ व्हीलचेअर न मिळाल्याने चालत निघाले आणि कोसळून गेले. कंपनीला तीस लाखांचा दंड झाला. दंड सरकारजमा होतो. त्यातून एकही खुर्ची वाढत नाही.

माझ्या स्वतःच्या खुर्चीचंही बोलायला हवं. ती माझ्या मापाची आहे, तिची गादी माझ्या जखमा टाळते. ती मला विमानाच्या दाराशी परत मिळावी, सामानाच्या पट्ट्यावर नव्हे. मोडली तर अमेरिकेत देशांतर्गत प्रवासात खुर्चीच्या मूळ खरेदी किमतीपर्यंत भरपाई द्यावी लागते. आपल्याकडेही खुर्चीला बॅगेच्या हिशेबातून बाहेर काढलं पाहिजे. आणि शिवणीच्या विस्ताराच्या आराखड्यावर सही होण्याआधी अकोल्यातल्या व्हीलचेअर वापरणाऱ्यांना तो दाखवावा.