पासपोर्ट खिशात, बॅग विमानातच

६ नोव्हेंबर २०१४ रोजी अंधार पडल्यावर सुरतच्या धावपट्टीवर दिल्लीला निघालेले स्पाइसजेटचे विमान म्हशीला धडकले. विमान वेळीच थांबले, आग लागली नाही, प्रवासी सुखरूप उतरले. त्यामुळे या घटनेची आठवण निघते ती म्हशीपुरती, आणि तीही हसण्यावारी. इंजिनाने पेट घेतला असता, तर किती हात आधी डोक्यावरच्या कप्प्याकडे गेले असते?

त्याचे उत्तर ३ ऑगस्ट २०१६ रोजी दुबईत मिळाले. तिरुवनंतपुरमहून आलेले एमिरेट्सचे बोइंग ७७७ धावपट्टीवर आदळले. आत ३०० जण, बहुतेक भारतीय. केबिनमध्ये धूर भरत होता, कर्मचारी सामान सोडून उडी मारायला ओरडून सांगत होते आणि मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितीत माणसे कप्पे उघडून बॅगा काढत होती. सगळे वाचले. मात्र नऊएक मिनिटांनी इंधनटाकीचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाच्या जवानाचा जीव गेला.

त्या प्रवाशांवर तेव्हा हावरटपणाचा शिक्का बसला. तो आम्हाला पुरता पटत नाही. आखातात राबणाऱ्याचा पासपोर्ट गेला की त्याला पोटापाण्याचीच धास्ती बसते. शिवाय विमान थांबले की पट्टा सोडायचा, उठायचे, बॅग काढायची, ही हातांची सवय. घबराटीत सवयच पुढे होते.

तरीही बॅग घेऊ नये, याबद्दल दुमत नको. नव्या विमानाच्या चाचणीत निम्मी दारे बंद ठेवून, अंधुक उजेडात ९० सेकंदांत सगळ्यांना बाहेर काढून दाखवावे लागते. वाटेत अडथळा म्हणून बॅगा आणि उशा टाकलेल्या असतात. पण स्वतःची बॅग काढायला कोणी थांबत नाही. ज्या हिशेबावर विमानाला प्रमाणपत्र मिळते, त्यात तुमचे हे थांबणे धरलेलेच नाही. एकच वाट असलेल्या विमानात एक माणूस थांबला की मागची अख्खी रांग थांबते. हवा भरलेली घसरगुंडी बॅगेच्या टोकदार कोपऱ्याने फाटू शकते, मग ते दारच गेले. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान पेटले. आठपैकी तीनच दारे वापरता आली, उद्घोषणा यंत्रणा बंद पडली, तरी ३७९ जण बाहेर पडले. बहुतेकांनी सामान मागेच सोडले होते.

कप्प्यांना आपोआप कुलूप लावावे, अशी एक सूचना आहे. आम्हाला तिच्याविषयी शंका वाटते. कुलूप लागले तर माणूस तिथेच उभा राहून ओढाताण करत बसेल. दंडाचा धाकही धुरात कोणाला आठवणार? त्यापेक्षा सुरतेच्या हिरेबाजाराकडे पाहावे. तिथला दलाल हिऱ्यांची पुडी आतल्या खिशात बाळगतो. पासपोर्ट, फोन आणि रोजची औषधे उड्डाणापूर्वी आणि उतरण्यापूर्वी अशीच अंगावर घ्यायला सांगितले, तर कप्प्यातल्या बॅगेत जीव अडकण्याचे कारण बरेच कमी होईल. परदेशात पासपोर्ट जळालाच, तर भारतीय दूतावास मायदेशी परतण्यासाठी तातडीचे प्रमाणपत्र देतो, हेही प्रवाशाला माहीत हवे. शारजा-दुबईला जाणाऱ्या विमानांत एवढी चार वाक्ये हिंदी-गुजरातीत, कारणासह सांगायला विमान कंपन्यांना खर्च येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ती सक्तीची करावीत.