अब्बांची गाडी आणि सागरी रस्ता

थंडी पडली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. यंदा आम्ही एक वेगळा बेत सुचवतो. आपल्यातील कितीतरी घरांच्या अंगणात ताडपत्रीखाली एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसेडर किंवा जीप उभी आहे. वालिदसाहेबांनी किंवा दादांनी हौसेने घेतलेली. मुले म्हणतात, भंगारात द्या. वडील काही बोलत नाहीत, पण रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसतात. निर्णय घेण्याआधी या गाडीतून वडीलधाऱ्यांना एकदा कोकणच्या सागरी रस्त्याने फिरवून आणावे, असे आम्हाला वाटते.

आधी कागदपत्रे. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. ऐकायला शानदार वाटते; पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. कुटुंबाच्या सहलीला ती नोंदणी उपयोगाची नाही. ज्यांना गाडी खरोखर चालवायची आहे त्यांनी साधी नोंदणीच ठेवावी. 15 वर्षांनंतर तिचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण होते. विमा आणि पीयूसीही चालू हवेत. गाडी मरहूम वडिलांच्या नावावर असेल तर वारसाने फॉर्म 31 भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी. त्यासाठी नियमाने तीन महिन्यांची मुदत आहे, पण आपल्याकडे वर्षानुवर्षे कोणी लक्ष देत नाही. मग एखादा अपघात झाला की विम्यासाठी भाऊ-भाऊ भांडत बसतात.

आता रस्ता. मुंबई-गोवा महामार्गावरचे ट्रक आणि कशेडीसारखे घाट जुन्या गाडीला सोसत नाहीत. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडी मांडव्याला उतरवावी आणि अलिबागमार्गे मुरूड गाठावे. हे अंतर साधारण 70 किलोमीटर. पहिल्या दिवशी एवढेच पुरे. संध्याकाळी राजपुरीहून जंजिरा पाहावा, जवळच खोकरीला सिद्दी सरदारांच्या घुमटांपाशी फातिहा पढावा. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून जंगलजेटीने दिघी आणि तिथून श्रीवर्धन. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेशवीला उतरून केळशी, आंजर्ले, हर्णै. केळशीला याकूबबाबांची दर्गा आहे; शिवाजी महाराजांनी तिला इनाम दिले होते, हे मुलांना आवर्जून सांगावे. चौथ्या दिवशी दापोलीमार्गे दाभोळ.

दाभोळ हे आदिलशाहीचे मोठे बंदर. इथून हाजी जहाजात बसत. खाडीकाठची घुमटाची मशीद विजापूरच्या शहजादीने बांधली, मक्केला निघालेली ती इथेच अडकून पडली होती, असे लोक सांगतात. आज आपण विमानाने काही तासांत जिद्दाहला पोहोचतो. त्या मशिदीच्या पायऱ्यांवर बसले की पूर्वीच्या हाजींना किती सब्र लागत असेल ते उमगते. या खाड्यांवर आता पूल होऊ घातले आहेत. मग जंगलजेटीची गंमत राहणार नाही, हेही लवकर निघण्याचे एक कारण.

जुनी गाडी म्हणजे घरातले बुजुर्ग माणूस. तिची चाल सांभाळूनच चालावे. ताशी 40 ते 50 चा वेग, दिवसाला फार तर 100 किलोमीटर आणि दर तासाला थोडी विश्रांती. फजर पढून निघावे, दुपारच्या उन्हाआधी मुक्काम गाठावा. उन्हात पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरते आणि गाडी बंद पडते. अशा वेळी पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबले की गाडी पुन्हा चालू होते. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये, खालच्या गिअरमध्येच उतरावी, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, रबरी होज, ब्रेक ऑइल आणि पाण्याचा कॅन बरोबर असावा. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुने रबर खराब होते, म्हणून निघण्याआधी सगळ्या नळ्या बदलून घ्याव्यात. खाऱ्या हवेतून घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी.

तिघे प्रवासाला निघाले तर एकाला अमीर करावे, अशी नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची शिकवण आहे. आमचे म्हणणे एवढेच की चालक आणि अमीर एकच नसावा. चालकाला पुढचे गाव गाठायचे असते. मागच्या सीटवर दादीचे गुडघे दुखतात, ते त्याला दिसत नाहीत. अम्मीला अमीर करा आणि त्यांनी थांबा म्हटले की थांबा. नमाजचेही आधीच ठरवावे. कोकणातली बहुतेक घरे शाफई. त्यांना सफरीत जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलत आहे. हनफी घरांत कसर होते, पण प्रत्येक नमाज आपापल्या वक्ताला. मुक्काम किती दिवसांचा, यावर कसर अवलंबून असते. ते आपल्या मौलानांना विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. जुन्या गाडीभोवती गर्दी जमते, लोक फोटो काढतात, आणि मग हौसेचा दिखावा होऊ लागतो. चकचकीत रंगावर लाखभर रुपये उधळणे हा इसराफच. पण बापाच्या घामाची वस्तू चालू ठेवणे, त्याच्या हयातीत त्याला शेजारच्या सीटवर बसवून समुद्र दाखवणे, ही खिदमत आहे. गाडी पुढे विकायचीच असेल तर विका, त्यात काही गैर नाही. मात्र आधी अब्बांना विचारा, त्यांना कुठल्या गावी जायचे आहे. सवारीची दुआ पढा आणि निघा. अल्लाह सर्वांची सफर आसान करो. आमीन.