पक्षातीतांचे पुढारपण

राजकीय मत निर्भयपणे बोलून दाखविण्याचा अधिकार ज्या देशाने आपल्या राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीने नागरिकांच्या पदरात घातला, आणि निवडणुकीचा हंगाम आला की जेथे घरोघरच्या अंगणात उमेदवारांच्या नावांच्या पाट्या उभ्या राहतात, त्या अमेरिकेत अनेक स्त्रिया, आणि आता काही पुरुषही, स्वखुशीने हा अधिकार आपल्या पदाच्या मुदतीपुरता बाजूला ठेवतात. ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’, म्हणजे स्त्री-मतदारांचा संघ, या संस्थेच्या सातशेहून अधिक स्थानिक व राज्य शाखा त्या देशात आहेत. त्या शाखांच्या अध्यक्षा, खजिनदार, मतदार-सेवेच्या प्रमुख या साऱ्या बिनपगारी काम करतात. आणि पद स्वीकारताना बहुतेक शाखांत त्यांना असे बंधन पत्करावे लागते की, मुदत संपेपर्यंत कोणत्याही पक्षाचे पद घ्यावयाचे नाही, पक्षाच्या तिकिटावर उभे राहावयाचे नाही, कोणा उमेदवाराचा जाहीर पुरस्कार करावयाचा नाही की त्याच्यासाठी वर्गणी जमवावयाची नाही. पतीचे राजकारण मात्र त्याचे त्याचे मानले जाते. या स्त्रियांविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो का आहे हे आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

या संस्थेची कल्पना कॅरी चॅपमन कॅट यांची. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या अध्यक्षा होत्या, आणि १९१९ च्या मार्चमध्ये सेंट लुईस येथील अधिवेशनात, विजय अद्याप पदरात पडलेला नसताना, त्यांनी विजयानंतरच्या संस्थेचा प्रस्ताव मांडला. पुढच्याच वर्षी, १४ फेब्रुवारी १९२० रोजी, शिकागो येथे जुन्या संघटनेच्या शेवटच्या अधिवेशनात लीगची स्थापना झाली; मताधिकाराची एकोणिसावी घटनादुरुस्ती टेनेसी राज्याच्या मंजुरीने कायम झाली ती त्यानंतर सहा महिन्यांनी, १८ ऑगस्टला. १८४८ साली सेनेका फॉल्स येथे मताधिकाराचा ठराव झाल्यापासून बहात्तर वर्षे जी चळवळ चालली, तिच्या हाती जमलेली माणसे, त्यांची निष्ठा आणि गावोगावची त्यांची घडी एखाद्या नव्या पक्षाच्या उभारणीस लावणे किती सोपे होते! कॅटबाईंनी तसे केले नाही. सत्ता पक्षांच्या आत असते, तेव्हा स्त्रियांनी पक्षांत अवश्य शिरावे, असे त्यांनी सांगितले. संघ मात्र सर्व पक्षांच्या बाहेर ठेवला. व्यक्तीने पक्षात जावे आणि संस्थेने जाऊ नये, हा जो भेद त्यांनी त्या वेळी केला, तोच लीगच्या शंभर वर्षांच्या आयुष्याचा पाया होय, असे मी समजतो.

पक्षातीत म्हणजे मतहीन, असा जो समज आपल्याकडे सहज होतो, तो लीगच्या इतिहासापुढे टिकत नाही. पहिल्या अध्यक्षा मॉड वुड पार्क या मताधिकाराच्या लढ्यात अमेरिकन काँग्रेसच्या सभासदांना भेटून त्यांचे मन वळविण्याच्या कामात मुरलेल्या होत्या. मागच्या जिन्याने जाण्याचे मार्ग त्यांनी कधी अवलंबिले नाहीत, म्हणून त्यांच्या पथकाला वृत्तपत्रांच्या मंडळींनी पुढच्या दाराचे पथक असे नाव दिले होते. त्याच पुढच्या दाराने जाऊन लीगने १९२१ साली माता व अर्भकांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारने खर्च करावा असा शेपर्ड-टाउनर कायदा करवून घेण्यास हातभार लावला, आणि १९२२ साली विवाहित स्त्रीचे नागरिकत्व तिच्या पतीच्या नागरिकत्वापासून वेगळे करणाऱ्या केबल कायद्यासाठी खटपट केली. तत्पूर्वी परदेशीयाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपल्याच देशात परकी ठरत असे. या दुसऱ्या कायद्यात एक मोठे व्यंग राहून गेले: नागरिकत्वास अपात्र ठरविलेल्या पुरुषाशी, म्हणजे व्यवहारात आशियाई पुरुषाशी, विवाह करणारीस त्याचे संरक्षण नव्हते, आणि १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या दाव्यात हिंदी माणसालाही त्याच अपात्रांत ढकलले.

तथापि लीगचे खरे बळ राजधानीत नसून गावच्या शाखांत आहे. आपल्याकडे मतदार-यादी तयार करणे हे निवडणूक आयोगाचे काम. त्याचा कर्मचारी यादीसाठी घरोघर फिरतो. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी नागरिकानेच अर्ज करून आपले नाव नोंदवावयाचे असते, मुदती राज्याराज्यांत भिन्न, नियम भिन्न, आणि घर बदलले की पुन्हा अर्ज. म्हणून शाखेच्या स्त्रिया ग्रंथालयात, महाविद्यालयाच्या आवारात, बाजाराच्या चौकात टेबल मांडून बसतात, अर्ज भरून घेतात आणि कचेरीत रुजू करतात. उमेदवारांना सारखेच प्रश्न पाठवून त्यांची उत्तरे, एका शब्दाची काटछाट न करता, त्या मतदारांसाठी छापतात. काही शाखांत निरीक्षक-पथके असतात: नगरपालिकेच्या आणि शाळा-मंडळाच्या सभांना एक सभासद जाऊन बसते, बोलत काहीच नाही, फक्त टिपणे घेते, आणि कारभार उघडपणे चालला की नाही याचा अहवाल शाखेला देते. थंडीच्या रात्री, सांडपाण्याच्या नळांविषयीच्या चर्चेला, एकटी श्रोती म्हणून बसून राहण्यात कोणते वैभव आहे? परंतु आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे एवढ्याच जाणिवेने सभांचा कारभार सुधारतो, हे ज्यांनी सार्वजनिक संस्था जवळून पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.

लीगने एखाद्या प्रश्नावर भूमिका घ्यावयाची ती कशी, याचीही एक रीत आहे, आणि ती रीत मला फार मोलाची वाटते. आधी अभ्यास-समिती नेमली जाते. ती दोन्ही बाजूंची माहिती गोळा करून सभासदांपुढे ठेवते. मग सभा भरून चर्चा होते, आणि बहुमताची मोजदाद न करता सर्वसंमती कोठवर पोचते हे पाहिले जाते. संमती झाली नाही तर संस्था त्या विषयावर गप्प राहते. झाली, तर मात्र तिची माणसे कायदेमंडळापर्यंत जाऊन त्या मताची वकिली करतात. उमेदवाराची वा पक्षाची कधीच नाही. अशा अभ्यासाला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि ज्या काळात प्रत्येक घटनेवर तासाभरात मत देणे हे शहाणपणाचे लक्षण मानले जाते, त्या काळात ही दिरंगाई मला सद्गुणाच्या जातीची वाटते. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून गाजलेल्या एलिनॉर रूझवेल्ट यांचे राजकीय शिक्षण याच शिस्तीत, विसाच्या दशकात न्यूयॉर्कच्या लीगमधील कायदेविषयक कामात झाले. १९७५ साली कनेक्टिकटच्या गव्हर्नर झालेल्या एला ग्रासो याही तरुणपणी लीगमध्येच होत्या. पुढे दोघी डेमोक्रॅटिक पक्षात गेल्या, आणि कॅटबाईंच्या योजनेप्रमाणे तसे जाणे योग्यच होते.

न्यू जर्सी राज्यातील एका लहान गावी शाळा-मंडळाच्या निवडणुकीनिमित्त लीगने भरविलेली उमेदवार-सभा मी एकदा पाहिली. ग्रंथालयाच्या तळघरातील खोली, शंभराच्या आत खुर्च्या. श्रोत्यांनी प्रश्न कार्डांवर लिहून द्यावयाचे, दोन स्वयंसेविकांनी ते चाळून एकाच आशयाचे एकत्र करावयाचे आणि वैयक्तिक हल्ल्याचे बाजूला ठेवावयाचे, अशी व्यवस्था होती. पुढच्या रांगेत एक वृद्ध बाई हिरवे, पिवळे आणि तांबडे अशी कार्डे घेऊन बसली होती, आणि तांबडे कार्ड वर होताच विद्यमान अध्यक्षापासून नवख्या उमेदवारापर्यंत प्रत्येकाचे वाक्य अर्ध्यावर थांबत होते. सभेचे नियंत्रण करणाऱ्या बाई त्या गावच्या नव्हत्या, याचे मला नवल वाटले. चौकशी केली तेव्हा कळले की नियंत्रक मुद्दाम परगावची आणावयाची असा दंडक आहे: जिचे मत या निवडणुकीत पडणार नाही आणि जिचे मूल या शाळेत नाही, तिनेच मध्ये बसावयाचे. त्या स्वतः, त्याच आठवड्यात, आपल्या गावची सभा तिसऱ्या गावच्या बाईंच्या स्वाधीन करून आल्या होत्या. दोहोंपैकी एकच उमेदवार येणार असेल तर अनेक शाखा सभाच रद्द करतात, कारण एकट्याला दिलेले व्यासपीठ हा एका परीने पुरस्कारच होय. न्यायाधीशांच्या अलिप्ततेविषयी आणि पंचांच्या निःस्पृहतेविषयी आपण पुष्कळ लिहितो. त्या तळघरात ती निःस्पृहता मी व्यवहारात चाललेली पाहिली.

हीच कसोटी राष्ट्रीय रंगभूमीवरही लागली. १९७६, १९८० आणि १९८४ साली अध्यक्षपदाच्या उमेदवारांचे दूरचित्रवाणीवरील वादविवाद लीगने भरविले. १९८० साली जॉन अँडरसन हे अपक्ष उमेदवार मतचाचण्यांत पंधरा टक्क्यांच्या कसोटीस उतरले, तेव्हा लीगने त्यांना बोलाविले. अँडरसन असतील तर आपण येणार नाही, असे विद्यमान अध्यक्ष कार्टर यांनी कळविले. आणि लीगने बाल्टिमोर येथे रेगन व अँडरसन या दोघांचाच वादविवाद घडवून आणला. पुढे १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये बुश आणि डुकाकिस यांच्या प्रचार-प्रमुखांनी आपसांत करार करून प्रश्न विचारणारे कोण, श्रोते कोण, सभागृहात कोणास प्रवेश, हे सारे स्वतःच ठरविले आणि तो मसुदा लीगपुढे ठेवला, तेव्हा अध्यक्षा नॅन्सी न्यूमन यांनी, मतदारांच्या फसवणुकीत आम्ही भागीदार होणार नाही, अशा आशयाचे निवेदन काढून संस्थेचे अंग काढून घेतले. त्या दिवसापासून तो मान लीगकडे परत आला नाही. दोन्ही पक्षांनी १९८७ साली स्थापिलेल्या मंडळाकडे तो गेला. संस्थेच्या नावाला देशभर मिळणारी प्रसिद्धी एका तत्त्वासाठी सोडून देणे, आणि पुन्हा ग्रंथालयाच्या तळघरात येऊन बसणे, हे मला तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कृत्य वाटते.

या संस्थेचा दोषही सांगितला पाहिजे. १९२० नंतरही दक्षिणेकडील राज्यांत मत-कर, साक्षरता-परीक्षा आणि धाकदपटशा यांच्या योगे कृष्णवर्णीय स्त्रियांना मतपेटीपासून दूर ठेवण्यात आले, आणि १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत ती स्थिती टिकली. त्या काळात लीग ही मुख्यतः सुखवस्तू गोऱ्या स्त्रियांची राहिली आणि या अन्यायाविरुद्ध तिने जितके बोलावयास हवे होते तितके ती बोलली नाही. संस्थेने अलीकडे याची उघड कबुली दिली आहे. दोन पक्षांच्या मध्ये उभे राहणे निराळे, आणि न्याय व अन्याय यांच्या मध्ये उभे राहणे निराळे; पहिल्याच्या नावाखाली दुसरे घडू शकते.

आज तक्रार नेमकी उलट आहे. मतदारसंघांच्या सीमा पक्षहितासाठी वाकविल्या, म्हणून लीगच्या शाखांनी गुदरलेल्या दाव्यांत फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली आणि पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नकाशे रद्द ठरविले; दोन्ही नकाशे रिपब्लिकन बहुमताने काढलेले होते, त्यामुळे लीग एका बाजूस झुकली असे त्या पक्षाचे लोक म्हणतात. ही तक्रार मी हलकी मानीत नाही, आणि लीगनेही मानू नये. दुसऱ्या पक्षाने तेच केले असता तितक्याच जोराने न्यायालयाचे दार ठोठावणे, हेच तिला उत्तर. परंतु मतदानाचा हक्क हाच जेव्हा वादाचा विषय होतो, तेव्हा त्या हक्काच्या बाजूने उभे राहणे हे पक्षपात ठरत नाही. २०११ साली फ्लॉरिडाने असा कायदा केला की भरून घेतलेला नोंदणी-अर्ज अठ्ठेचाळीस तासांत कचेरीत पोचलाच पाहिजे, नाही तर दंड. पूर्वी ही मुदत दहा दिवसांची होती. आजी झालेल्या स्वयंसेविकांना दंडाच्या तोंडी कसे द्यावे, या विवंचनेत तेथील लीगने नोंदणीचे काम थांबविले आणि न्यायालयात धाव घेतली. २०१२ च्या मे महिन्याच्या अखेरीस न्यायालयाने त्या तरतुदीला मनाई केली, आणि टेबले पुन्हा मांडली गेली.

हे सारे लिहिताना मला आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची आठवण होते. १९५१-५२ साली सुमारे अठ्ठावीस लक्ष स्त्रियांची नावे मतदार-यादीतून वगळावी लागली, कारण त्या स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असेच सांगत. प्रौढ मताधिकार घटनेने एका लेखणीसरशी दिला होता; पण यादीत स्वतःचेच नाव लिहवून घ्यावे लागते, हे समजावून सांगण्यासाठी त्या स्त्रियांच्या दारी जाणारी माणसे पुरेशी नव्हती.

आता आपल्या वाचकांशी निकट संबंध असलेली गोष्ट. थिंद यांच्या दाव्याच्या निकालानंतर १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्यापर्यंत हिंदी माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व अर्ज करून मिळत नव्हते. आज तेथे शपथ घेऊन नागरिक होणाऱ्यांत मराठी नावे नित्य असतात. त्या शपथविधीच्या सभागृहातच लीगच्या स्वयंसेविका अर्ज घेऊन उभ्या असत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या नागरिकत्व खात्याने हुकूम काढला की त्या खात्याच्या शपथविधीत मतदार-नोंदणीचे काम यापुढे केवळ राज्य व स्थानिक निवडणूक कचेऱ्यांनीच करावे, बिगरसरकारी संस्थांनी नव्हे. तेव्हा ज्यांची मुले-नातवंडे तिकडे नागरिक झाली आहेत, त्यांनी त्यांना एवढे अवश्य लिहावे: गावच्या लीगच्या शाखेचा पत्ता शोधून काढा, तुमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात त्या स्त्रियांना एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडून द्या, आणि सवड असेल तर शाखेचे सभासदत्व घ्या, एखादे पद चालून आले तर ते नाकारू नका.